सोडियमच्या उजेडात मृग

रविवार, १० जानेवारी १९८८

कोंडीराम आला होता. सहा वर्षांनी. माझ्या हाताखाली रंगखात्यात बादल्या उचलणारा कोंडीराम आता शिवडीला एका लहानशा प्रोसेस हाऊसमध्ये डाइंग मास्तर आहे. आधी पाया पडला, मग कॉटच्या कडेला टेकला.

"मास्तर, आमचा शेडवाला कायमचा गावी चाललाय. मालकाच्या कानावर तुमचं नाव घातलंय. चाचणी घेणार म्हणतो. नमुन्याबरहुकूम बारा शेड काढून दाखवायच्या. जमलं की जागा तुमची."

"माझी चाचणी? आणि घेणार कोण?"

"मालक," तो कपात बघत म्हणाला. "आणि मी असेन बाजूला."

दारातून बायकोने, कौसल्येने, डोळे वटारले म्हणून मी पुढे बोललो नाही. चाचणी सोमवारी, १४ मार्चला.

संप सुरू झाला त्याला या महिन्यात सहा वर्षं झाली. गिरणी नंतर उघडली ती अर्ध्यामुर्ध्या माणसांवर. रंगखातं उघडलंच नाही. तेव्हापासून मी गोदामात गोण्या मोजतो, आणि त्याला डोळा लागत नाही. गिरणीत छापील शेडकार्ड बाजूला ठेवून साहेब मला हाक मारत. फुशारकी म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितो.

रात्री ८.४० ला गच्चीवर दुर्बीण लावली. सोबत रामजी. हा नायगावच्या बीडीडी चाळीतला, आमच्याच गिरणीत रिंगखात्यात होता, आता माझ्याबरोबर गोदामात. मृग आग्नेयेला चांगला वर आला होता. पण सगळ्या रस्त्याला पिवळे सोडियमचे दिवे लागल्यापासून करी रोडवरचं आकाश पातळ आमटीसारखं झालं आहे. तीन चांदण्यांच्या बाणाखालचा तेजोमेघ म्हणजे आरशावर कुणी फुंकर मारल्यासारखा नुसता डाग. थंडीचा धूरही यंदा फार. प्रत्येक दिव्याभोवती हातभर कडं दिसतं.

रामजी म्हणाला, "कसलं कडं रे?"

याची नजर पहिल्यापासून ढोबळ. सुताचा तुटका धागा दिसला की याचं काम झालं.

विजयकरांनी परवा दुर्बिणीला लावायच्या ज्या फिल्टरची गोष्ट सांगितली, तो मी घरी करणार. रंगाचं काम आहे, आणि रंगाचं काम मला कुणी सांगायची गरज नाही.

शनिवार, १६ जानेवारी

विजयकर गिरगावचे, बँकेत अधिकारी, आकाश बघायचा नाद. त्यांच्या बहिणीने परदेशातून खरा फिल्टर पाठवला आहे. रुपयाएवढी काच, पितळी कड्यात बसवलेली. डोळ्याजवळच्या आयपीसच्या बुडाला फिरवून लावायची. आज ते स्वतः घेऊन आले. जिना चढताना दोनदा थांबले, पण काच हातातून सोडली नाही.

तत्त्व मला पाठ आहे, तरी लिहून ठेवतो. तेजोमेघ हा चेतलेला वायू. त्याचा उजेड सगळ्या रंगांचा नसतो, त्यातला बराचसा हिरव्या-निळ्याच्या मधल्या बारीक पट्टीत असतो. सोडियमचा दिवा जळतो पिवळ्यात. म्हणून पिवळं अडवायचं आणि हिरवं-निळं सोडायचं. तेजोमेघ त्याने उजळत नाही. मागचं आकाश काळं पडतं आणि तो उठून दिसतो.

असं पुस्तकात. गच्चीवर आज जे झालं ते असं:

विजयकरांनी पाहिलं, "वा" म्हणाले. माझी मुलगी राधा, दुकानातून नुकतीच आलेली, तिने पाहिलं आणि बराच वेळ डोळा काढला नाही. रामजी तर ओरडलाच, "अरे पाखरू! पंख पसरून बसलंय बघ!"

मी शेवटी पाहिलं. मधल्या चार चांदण्यांचा चौकोन दिसला, तोही मंद. बाकी आकाश काळं आणि तेजोमेघही काळा. पंख वगैरे काही नाही.

"सीतारामभाऊ, कसं काय वाटलं?" विजयकरांनी विचारलं.

"ठीक," म्हणालो. परक्याच्या वस्तूला नाव ठेवू नये. पण वहीत खरं लिहितो. या फिल्टरची ख्याती फुगवलेली आहे. लोकांना आधी सांगितलं की पंख दिसतील, म्हणजे पंख दिसतात. रामजीला उद्या ऐरावत दिसेल.

भला माणूस, फिल्टर महिना-दोन महिने ठेवून घ्या म्हणाला. नमुना हाताशी आला. आता याची शेड काढायची.

रविवार, २४ जानेवारी

कृती. लालबागच्या फोटो स्टुडिओतून तारीख उलटलेल्या काचेच्या प्लेटा आणल्या, एक डझन. हायपोच्या द्रावणात टाकल्या की त्यांतली चांदी धुऊन जाते आणि काचेवर स्वच्छ जिलेटिन उरतं. जिलेटिन म्हणजे हाडांचा-कातड्यांचा सरस. रेशमाला जे आम्ली रंग चढतात तेच याला चढणार, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. मला ते कळलं कारण मी रेशीम रंगवलं आहे. जुन्या पुड्या माळ्यावर होत्याच: एक निळा, एक हिरवा, एक जांभळट. पाणी कोमट, वर व्हिनेगर चमचाभर. उकळतं घेतलं तर जिलेटिन सुटून येतं, हे पहिल्या प्लेटीने शिकवलं.

कौसल्या डबे भरत होती. अकरा माणसांचे डबे जातात तिचे.

"अहो, हा माझा चहाचा टोप ना?"

"धुऊन देतो."

"धुवा नाहीतर पुजा. उद्या चहा निळा निघाला तर मेल्या त्या डबेवाल्या पोरांना मी सांगायचं काय? आकाशातून गाळून आणलाय?"

टोप तिला परत दिला नाही. नवा आणतो म्हणालो. शर्टाचा विषय त्याच वेळी काढायला नको होता, पण काढला. माझे पांढरे शर्ट हल्ली पिवळट निघतात. तिला विचारलं, नीळ घालणं सोडलंस का? म्हणाली, दोनदा घालते, लोक विचारतात नवऱ्याला निळं भूत करून का पाठवतेस. बायका कबूल करत नाहीत.

रविवार, ७ फेब्रुवारी

सहा नंबरची प्लेट तंतोतंत जुळली. सकाळी अकरा वाजता, उत्तरेच्या खिडकीत. रंगखात्यात आम्ही दुसऱ्या उजेडात शेड कधी पाहिली नाही. उत्तरेचा उजेड बदलत नाही. विजयकरांचा फिल्टर एका बाजूला, माझी सहा नंबर दुसऱ्या बाजूला, मागे पांढरा कागद. एकाला झाकून दुसरं ओळखता येणार नाही असं काम.

राधाला दाखवलं. ती दादरला एका मॅचिंग सेंटरमध्ये आहे. बायका साडी घेऊन येतात, ही त्यावर ब्लाऊजपीस काढून देते.

ती म्हणाली, "बाबा, विजयकरांचा रंग रामा आहे, हिरवटातला. तुमचा चिंतामणी झालाय."

"काय?"

"अहो, जांभळ्यात गेलाय. एवढा निळा कुणी घालतं का?"

मी तिला शांतपणे सांगितलं की रंगखात्यात एकवीस वर्षं काढलेल्या माणसाला काउंटरवर उभं राहून रंग शिकवू नयेत. ब्लाऊजपीस दाखवणं म्हणजे शेड काढणं नव्हे. तिने चपला घातल्या आणि गेली. संध्याकाळी आली तेव्हाही बोलली नाही. ही तऱ्हा आईची.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

८.२५ ते ९.१०. हवा स्थिर. सहा नंबर लावली. तेजोमेघ नाही. मधला चौकोनही मुश्किलीने. काढली, पुन्हा लावली. रामजीने पाहिलं.

"यात रात्र दिसते, सीताराम. चांगली काळीकुट्ट. पण रात्र बघायला काच कशाला पाहिजे? डोळे मिटले की झालं."

रंग जुने आहेत, उतरले असणार. प्लेटीची काचही हिरवट. आणि धूर.

उतरताना दुसऱ्या मजल्यावर पायरी चुकली. रामजीने दंड धरला. म्हणाला, "ही पायरी तुझ्या लग्नाआधीपासून इथेच आहे रे." हसण्यावारी नेलं. पण दंड खालपर्यंत सोडला नाही त्याने.

शनिवार, १३ फेब्रुवारी

राधाशी अबोला सातव्या दिवसावर गेला. हे मिटवायचा एकच रास्त मार्ग आहे, पुरावा. तिला म्हणालो, तुझ्या दुकानातून रामा ते चिंतामणीपर्यंतचे वीस तुकडे आण, सगळे जवळजवळचे. मागे खडूने नंबर घाल. मी क्रमाने लावतो, तू लाव, आई लावेल. उद्या सकाळी, उत्तरेच्या उजेडात. कुणाचा डोळा खरा ते ठरेल.

ती म्हणाली, "कशाला बाबा? राहू दे." मला वाटलं, घाबरली.

रविवार, १४ फेब्रुवारी

सकाळी ९.३० ते १०.०५. तुकडे वीस.

राधा: चूक एकही नाही. दोन मिनिटं.
कौसल्या: दोन चुका, त्याही शेजारच्या-शेजारच्या.
मी: तेरा.

पुन्हा लावले. बारा. मग पद्धतीनुसार एकेक डोळा झाकून. फक्त डाव्याने: सात. फक्त उजव्याने: सोळा. उजव्याने पांढरा कागद पाहिला, तो तूप लावल्यासारखा पिवळा. डाव्याने पाहिला, कमी पिवळा. मी दुर्बिणीला उजवा डोळा लावतो. पहिल्या दिवसापासून उजवाच लावला.

मग गॅलरीत जाऊन समोरच्या ट्यूबलाइटकडे पाहिलं. उजव्याने कडं मोठं, डाव्याने लहान. राधाला विचारलं, तुला कडं दिसतं का? ती नाही म्हणाली. हळू म्हणाली.

कौसल्या तुकड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "मी नीळ घालत होते हो." एवढंच. तिने जिंकल्यासारखं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवार, १५ फेब्रुवारी

गोदाम. गोण्या ३१२. दोनदा मोजल्या.

शनिवार, २० फेब्रुवारी

परळच्या हॉस्पिटलात गेलो. राधाने दुकानातून अर्धा दिवस घेतला. नको म्हणालो होतो.

डॉक्टरीणबाई राधाच्याच वयाच्या. उजेड डोळ्यात मारून पाहिलं, दोन्ही डोळे. मोतीबिंदू. उजव्यात बराच, डाव्यात सुरुवात. एक्कावन्नाव्या वर्षी जरा लवकर, पण होतो म्हणाल्या. भिंग आतून पिवळं पडत जातं, निळं आत येऊ देत नाही. सावकाश येतो म्हणून माणसाला कळत नाही, तो जगालाच पिवळं समजतो.

मी म्हणालो, "म्हणजे माझ्या डोळ्यात फिल्टरच बसलाय. उलटा." त्यांना ते कळलं नाही. राधाला कळलं.

"उजवा अजून थोडा पिकू द्या. दिवाळीनंतर ऑपरेशन करू. मग जाड भिंगाचा चष्मा लागेल, पण दिसेल."

"निळं दिसेल?"

"सगळ्यांत आधी तेच सांगतात लोक."

मी विचारलं, हे कधीपासून असेल? त्या म्हणाल्या, दोन वर्षं, फार तर तीन. म्हणजे पंच्याऐंशीपासून. गिरणीतली माझी शेवटची लॉट एक्याऐंशीच्या डिसेंबरातली, मोरपिशी पॉपलिन. ती बरोबर होती. बाहेर बाकावर बसून हा हिशोब मी दोनदा केला आणि मग उसाचा रस प्यायलो. राधाने बर्फ घालू दिला नाही.

रविवार, २८ फेब्रुवारी

आठ दिवस लिहिलं नाही. लिहायला होतं ते लिहवत नव्हतं.

चाचणीला पंधरा दिवस. आज सरळ लिहितो. मी ती चाचणी न बघताही देऊ शकतो. कोंडीराम बारा शेड निवडणार त्या त्याला येतात त्याच, म्हणजे मीच त्याला शिकवलेल्या. डाळिंबी, अबोली, मोरपिशी, राणी. प्रत्येकीत कुठला रंग किती टक्के, मला झोपेत विचारा. डोळा मिटून बारा काढेन. आणि नंतर? नंतर एक दिवस नवी शेड येईल, जिची कृती मला पाठ नाही. हजार मीटर कापड एका टबात जाईल. जे बाहेर येईल ते मला बरोबर दिसेल.

कौसल्येला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"जागा मिळू दे आधी. दिवाळीपर्यंत ढकला. मग करा ऑपरेशन आणि सांगा."

"आणि कापड बिघडलं तर कोंडीरामची नोकरी जाईल."

तिने परातीत आणखी पीठ भुरभुरलं. मग म्हणाली, "तो पाया पडला होता नाही का आल्या आल्या." भाकरी तव्यावर टाकली. "सांगा मग. पण जाऊन सांगा. चिठ्ठी पाठवू नका. तुमची चिठ्ठी म्हणजे दहा कलमं."

रविवार, ६ मार्च

आज डोक्यात प्रकाश पडला आणि स्वतःला दोन लगावाव्या वाटल्या.

डोळ्याचं सोडा. डोळा ठणठणीत असता तरी सहा नंबर नापासच झाली असती. मी फिल्टरची शेड जुळवत बसलो. शेड जुळली की काम झालं, ही माझी सवय. पण दोन कापडं उन्हात एकसारखी दिसतात आणि दुकानातल्या ट्यूबखाली नेली की फटकून वेगळी, हे मीच कोंडीरामला शिकवलं होतं. वरून एक दिसणाऱ्या दोन रंगांच्या पोटात काय आहे ते वेगळं असतं. फिल्टर दिसतो कसा याच्याशी काय करायचं आहे? तो पिवळं अडवतो का, एवढंच बघायचं.

पिवळं घरात आहे. रॉकेलचा स्टोव्ह पेटवला, निळ्या ज्योतीवर मिठाचं पाणी शिंपडलं. ज्योत झटकन पिवळी. मिठात सोडियमच. रस्त्यावरच्या दिव्यात जे आहे तेच. दार लावून अंधार केला आणि राधाला हाक मारली.

"या काचेतून ज्योत बघ. शेड सांगू नकोस. ज्योत जिवंत दिसते की मेलेली, तेवढं सांग."

विजयकरांच्या फिल्टरमधून: "मेली! बाबा, स्टोव्ह विझल्यासारखा झाला."

माझ्या सहा नंबरमधून: "जिवंत. चांगली धगधगतेय. जरा लाल झाली एवढंच."

जांभळट रंग तांबडं आणि पिवळ्यातलंही पुष्कळ जाऊ देतो. तो पार काढून टाकला. फक्त निळा आणि हिरवा ठेवला. प्रमाण मी सांगायचं, बुडवायचं मी, बघायचं तिने. सात नंबर: जिवंत. आठ: अर्धमेली. नऊला मी वेळ वाढवू म्हणालो, ती म्हणाली नको, निळाच अडायला लागलाय, हिरवा वाढवा. मी म्हणालो हिरवा पुरे. ती म्हणाली,

"बघायचं कोणी ठरलंय?"

हिरवा वाढवला. दहा नंबरला जिलेटिन सुटलं. अकरा नंबर: "मेली नाही पूर्ण. राखेतल्या निखाऱ्यासारखी दिसते. पण मागची निळी ज्योत स्वच्छ आहे."

घरच्या रंगाला हे पुष्कळ. खरा फिल्टर वेगळ्या जातीचा, काचेवर निरनिराळ्या क्षारांचे बारीक थर चढवलेला. त्याची बरोबरी होणार नाही, हे मी मान्य करतो.

कौसल्या दारावर थापा मारत होती की मीठ संपवलंत का. तिला आत घेतलं आणि ज्योत दाखवली. ती म्हणाली, "मेली म्हणे. बापलेक बरी आहात ना?"

राधा हात धूत असताना मी तिला म्हणालो, १४ तारखेला माझ्याबरोबर शिवडीला चल. मी कोंडीरामला सांगणार आहे की डोळा तुझा आणि कृती माझी.

तिने नळ बंद केला. "मला कुणी विचारलं?"

खरंच विचारलं नव्हतं. मी तर कोंडीरामशी काय बोलायचं त्याची वाक्यंसुद्धा ठरवली होती.

"विचारतो," म्हणालो.

"सोमवारी दादरची दुकानं बंद, म्हणून येईन. पण एक सांगते. शेड मी बघणार असेन तर शेवटचा शब्द माझा. 'ब्लाऊजपीस दाखवणं म्हणजे' असं काही मध्ये येणार नाही. चालेल?"

चालेल म्हणालो. मनात थोडं राहिलं, पण म्हणालो.

सोमवार, १४ मार्च

शिवडी, सकाळी १०. गोदामांच्या मागे पत्र्याचा लांबच लांब कारखाना. आत शिरल्याबरोबर वास आला. गरम सोडा, ओलं कापड, वाफ. सहा वर्षांनी. दारातच मिनिटभर उभा राहिलो. राधा शेजारी थांबली.

मालकासमोर कोंडीरामला सगळं सांगितलं. मोतीबिंदू, दिवाळी, मुलगी. पाठ केलेली वाक्यं एकही आठवली नाही. कोंडीरामचा चेहरा उतरला. त्याने माझ्यासाठी शब्द टाकला होता.

मालकाने राधाकडे पाहिलं. "लेडीज? डाइंग में? अरे कोंडीराम, ये क्या लाया तू?"

राधा म्हणाली, "सेठ, रोज दो सौ औरतें साडी लेके आती हैं मेरे पास. मॅचिंग गलत गया तो घर तक आके भांडण करती हैं. अभी तक एक भी नहीं आई."

मालक हसला. "भांडण?" तो शब्द त्याला आवडला असावा. "ठीक है, बिठाओ."

बारापैकी अकरा. प्रमाण मी सांगत होतो, कोंडीराम टबात घालत होता, राधा ओलं कापड पिळून, इस्त्रीने वाळवून, खिडकीशी नेऊन बघत होती. आणि उजेडात उलटसुलट फिरवत होती. तीन वेळा मला म्हणाली, बाबा, कमी. तीन वेळा बरोबर निघाली. बारावी अबोली. ती म्हणाली, तांबडा गडद पडेल. मी म्हणालो, अबोलीचं प्रमाण मला कुणी सांगू नये, पंधरा वर्षं हेच आहे. गडद पडला. आताचे रंग आमच्या वेळच्या रंगांपेक्षा जास्त कडक येतात. कोंडीरामला ठाऊक होतं. आदरापोटी बोलला नाही.

चालेल म्हटलं होतं आणि आठ दिवसांत मोडलं. राधाने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी मालकाला सांगितलं की बारावी माझ्यामुळे गेली, तिच्यामुळे नाही. हे वाक्य पाठ केलेलं नव्हतं.

ठरलं ते असं. राधा तीन महिने कामावर, पुढचं नंतर. मी आठवड्यातून दोन दिवस कृतींसाठी, गोदामाची पाळी बदलून. शेडच्या टेबलापाशी एकच खुर्ची आहे. कोंडीरामने ती पुढे केली आणि कुणाकडे करावी ते न कळून मध्येच उभा राहिला. मी ती राधाकडे सरकवली. माझ्यासाठी त्याने कुठूनसं स्टूल आणलं. चांगलं होतं, हलत नव्हतं.

संध्याकाळी रामजीला सांगितलं. तो म्हणाला, "बाई रंगखात्यात म्हणजे आता बुडणार म्हणतील लोक. धागा बाटेल म्हणून आम्हाला साच्यावर, मागावर, उभं करत नव्हते, तरी गिरणी बुडालीच की." मग राधाला म्हणाला, "पोरी, बापाला रोज एकदा तरी चूक काढून दाखव. त्याला पचत नाही, पण औषध आहे."

गुरुवार, १७ मार्च

अमावास्या. संध्याकाळी वारा सुटला, धूर उडाला. पाडव्याच्या खरेदीमुळे राधाला दादरच्या दुकानातून निघायला उशीर झाला. एक तारखेपर्यंत ती तिथेच आहे, मग शिवडी. ८.०५ ला आम्ही गच्चीवर. मृग माथ्यावरून पश्चिमेला कललेला, व्याध ठळक. रामजी होता. कौसल्या गुडघे धरत वर आली. दुर्बीण झाल्यापासून पाच वर्षांत पहिल्यांदा.

अकरा नंबर कापून, पुठ्ठ्याच्या कड्यात बसवून आयपीसला लावली. आधी राधा. तिला डोळा थोडा बाजूला ठेवायला सांगितलं. मंद वस्तू सरळ पाहण्यापेक्षा कडेने जास्त दिसते. ती सांगत गेली, मी विजेरीला तांबडा कागद लावून लिहीत गेलो:

"चौकोन आहे. चार चांदण्या. त्याच्याभोवती उजेड... मधे एक काळी खाच आत घुसलीय. डावीकडे पंख, वाकडा, खाली जाऊन विरतो. उजवीकडचा लांब आहे. बाबा, फिल्टर काढून बघू? ... नाही, काढला की पंख गेले. आकाश आमटीसारखं झालं परत. लावते. आले."

"रंग?"

"राखाडी. अगदी थोडा हिरवा. असं वाटतंय तरी. नक्की नाही लिहा."

नक्की नाही असं लिहिलं. एकवीस वर्षांत माझ्या हाताखालच्या एकानेही मला 'नक्की नाही' असं सांगितलं नव्हतं. तसं सांगायची मुभा मी कुणाला दिली नसावी.

रामजीने पाहिलं. त्या पहिल्या दिवसाइतकं मोठं पाखरू नाही म्हणाला, पण आहे, कबुतराएवढं आहे. कौसल्येने पाहिलं. मग म्हणाली, "हे एवढ्यासाठी माझा टोप?" आणि पुन्हा डोळा लावला, आणि तिला बाजूला करायला दोघं लागले.

मी डावा डोळा लावला. चौकोन स्वच्छ. भोवती काहीतरी होतं, डावीकडे जरा जास्त. पंख म्हणण्याइतकं नाही, काहीच नाही असंही नाही. लोक सांगतात तेच मला दिसतंय का, हे मी स्वतःला विचारलं. रामजीबद्दल मी हेच लिहिलं होतं. उत्तर ठरवता आलं नाही. उजवा लावला नाही.

आजच्या नोंदीत पाहणारे म्हणून तीन नावं लिहिली: राधा, रामजी, कौसल्या. माझं नाव लिहिलं नाही. समोरचं पान कोरं सोडलं आहे. वर तेजोमेघाचं नाव, फिल्टर क्रमांक अकरा, आणि 'डोळा: उजवा' एवढं लिहून ठेवलं. तारखेची जागा मोकळी. ऑपरेशन दिवाळीनंतर, चष्म्याचे सहा आठवडे धरले तर जानेवारी. जानेवारीत मृग रात्री नवाला चांगला वर असतो.

राधा म्हणते, अकरा नंबरची कड एका बाजूला जरा फिकी आहे. मला दिसत नाही. उद्या बारा नंबर करू.